चव्वेचाळीस नंबरची जर्सी

आमच्या कॉलेजात एक रीत आहे. एकदा मुलाच्या अंगावर नंबर चढला की तो कॉलेज सोडेपर्यंत त्याचाच. मधेच कुणी काढून घेत नाही. रीत चांगलीच आहे, मूर्ख मी निघालो.

मी एमेट. इथे शिकत होतो तेव्हापासून, म्हणजे पन्नास वर्षं, अमेरिकन फुटबॉल संघाच्या कपड्यांची खोली सांभाळतोय. जर्सी धुवायच्या, फाटल्या तर शिवायच्या, खिडकीतून द्यायच्या-घ्यायच्या. चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, जेरिक नावाचा नवा मुलगा खिडकीशी आला. "सर, चव्वेचाळीस आहे का?" घडी समोरच होती, दिली. वरच्या ऑफिसातून आलेली चिठ्ठी कॉफीच्या मगाखाली पडून होती: चव्वेचाळीस कुणालाही देऊ नये, लोवेल ब्रँडिटच्या सन्मानार्थ तो नंबर कायमचा निवृत्त करायचा आहे. ती मी संध्याकाळी वाचली. तोवर पोराने जर्सी घालून आईला फोटोही पाठवला होता. म्हणजे तो कॉलेज सोडेपर्यंत लोवेलचा समारंभ अडला.

लोवेल माझ्याच वर्गातला. चेंडू काखेत मारून निघाला की चार जण अंगाला लोंबकळले तरी थांबायचा नाही. हेल्मेटला हेल्मेट आपटून खेळलेली ती वर्षं म्हातारपणी डोक्यात उतरली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, अर्लीनला, सांगितलं होतं की वर्ष-दोन वर्षं भान राहील. म्हणूनच तिने कॉलेजची घाई केली होती. त्याला कळत असताना एकदा तरी लोकांनी त्याच्यासाठी उभं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली.

"तुझी माफी कुठल्या भिंतीवर टांगू, एमेट?" ती म्हणाली. त्या विषयावर पुढे कधीच काही बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेरिक चार वर्षांत अकरा वेळा मैदानात उतरला. गेल्या मे महिन्यात तो पदवी घेऊन गेला आणि ऑक्टोबरात, सामन्याच्या मध्यंतरात, समारंभ झाला. तीन हजार माणसं टोप्या काढून उभी राहिली.

"कोण गेलं?" लोवेलने विचारलं.

"कुणी नाही रे. तुझ्यासाठी उभे आहेत," अर्लीन म्हणाली.

"मग बसू दे की त्यांना. पाय दुखतील."

काचेच्या चौकटीतली त्याची जुनी जर्सी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी धरली. मला ते बघवेना. मी खोलीत येऊन मोजे गुंडाळत बसलो आणि रडलो.

थोड्या वेळाने खिडकीवर टकटक झाली. लोवेल उभा होता, चौकट काखेत मारून. मागे अर्लीन धापा टाकत होती. "कुणाला न विचारता सरळ इकडेच आला," ती म्हणाली.

त्याने चौकट फळीवर ठेवली, दर शनिवारी सामना संपल्यावर जर्सी ठेवायचा तशी.

"चव्वेचाळीस. कोपराशी फाटलीय, एम."

मला एम म्हणणारा तो एकटाच. काचेखाली कोपराशी माझाच पन्नास वर्षांपूर्वीचा टाका दिसत होता.

"शिवून ठेवतो," मी म्हणालो.

"शनिवारी लागेल. आणि हे बघ, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

अर्लीनने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाही देणार," मी म्हणालो.