शहाणी पोर

दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्रीवालीच्या पायांचे तुकडे पडले होते, त्यात दवाखान्यात तासभर ताटकळणं. अखेर चार वर्षांच्या लेकीला लसीची सुई टोचली. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"किती शहाणी गं पोर!" नर्स म्हणाली.

शहाणी कसली डोंबलाची! इस्त्रीवालीची आई लहानपणी माळ्यावर लपली होती. खाली बंदूकवाले घर उलथंपालथं करत होते आणि तिच्या तोंडावर तिच्या आईचा हात घट्ट होता. पुढे इस्त्रीवाली रडली, की आई तिच्याही तोंडावर तसाच हात दाबायची. लेकीच्या तोंडावर मात्र इस्त्रीवालीने आजवर बोटसुद्धा ठेवलं नव्हतं. मग हे आलं कुठून?

घरी येताच तिने पोरीला मांडीवर घेतलं.

"रड बाई, चांगला गळा काढून रड. कुणी येत नाही. हे बघ, असं."

तिने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत पोरीने दाराकडे पाहिलं आणि आपला इवलासा तळवा आईच्या तोंडावर घट्ट दाबला.