हलका हात

हात हलका असणं हा गुण आहे की शिक्षा, हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. अंधेरीच्या आमच्या इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात, एखाद्या पोराची शीर सापडेनाशी झाली की सगळे एकच म्हणतात, "संघमित्रा सिस्टरला बोलवा." डॉक्टरसुद्धा. तोवर त्यांचे तीन प्रयत्न फसलेले असतात, मूल रडून लालबुंद झालेलं असतं, मग मी जायचं. सुई मी एकदाच टोचते, पण पोराच्या लक्षात राहतो तो माझाच चेहरा. कॉरिडॉरमध्ये मला बघून आईच्या ओढणीत तोंड खुपसणारी पोरं मी रोज बघते. कौतुक करणाऱ्यांनी एकदा ते बघावं.

श्रुतिका मात्र कधी लपली नाही. वाकोल्याची, सहा वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला यायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, "किती वेळा टोचणार?" मी म्हणाले, "एकदाच." आणि एकदाच टोचलं. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दोन वर्षं मी शब्द पाळला. औषधांनी तिच्या शिरा पार दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. तिच्या तारखेच्या आदल्या रात्री मला झोप यायची नाही.

नंतर नंतर झोप यायला लागली, ते जास्त वाईट. एप्रिलमध्ये तीन नंबरच्या कॉटवरचं बाळ गेलं. मी त्याच्या नळ्या काढल्या, कागद भरले आणि डबा उघडला. फ्लॉवरची भाजी छान झालीय, असंही मनात आलं. त्याची आई बाहेर भिंतीवर डोकं आपटत होती, ते ऐकू येत होतं आणि मी जेवत होते.

मग माधुरीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, मुलीचं नामकरण झालं. घाटकोपरला सगळे जमले होते. बाळ माझ्या मांडीवर दिलं. "वहिनी कशा छान धरतात बघा," माधुरी सगळ्यांना सांगत होती. आणि माझा अंगठा बाळाच्या मनगटावर फिरत होता. ही शीर चांगली आहे, पटकन लागेल, असा विचार करत होते मी. त्या गुबगुबीत हातात मला दुसरं काही दिसलंच नाही. बाळ माधुरीच्या हातात देऊन मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज केला. तळमजल्यावर जिथे कात्र्या, चिमटे धुऊन, पाकिटात भरून निर्जंतुक करतात, तिथे. चिमटे रडत नाहीत. मॅट्रन अनुपमा मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझा हात तिथे वाया जाईल." मी म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. आधी अक्षताला तयार कर, म्हणाल्या. अक्षता नवीन सिस्टर, हात बरा, पण घामेजतो. दोन महिने तिला शिकवलं आणि अर्जावर सही झाली. शनिवार माझा वॉर्डातला शेवटचा दिवस.

शनिवारीच श्रुतिकाची तारीख आली. अकरा वाजता लिफ्टमधून ती आणि तिची आई प्रेमा येताना मी लांबून पाहिल्या. श्रुतिकाने डोक्याला पिवळा रुमाल बांधला होता. मला तिची दया आली असती तर मी पुढे गेले असते. रागही चालला असता. आत काहीच हललं नाही. "आज तू घे तिला," एवढं अक्षताला सांगून मी धुतलेल्या चादरींच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

खोलीच्या भिंतीपलीकडेच सुई लावायचं टेबल. सगळं ऐकू येतं.

"संघमित्रा सिस्टर कुठेय?" श्रुतिकाचा आवाज. अक्षता काहीतरी पुटपुटली. मग पहिली किंकाळी. थोड्या वेळाने दुसरी. "आई! आईऽ! सिस्टर!"

तेवढ्यात दार उघडलं. प्रेमा होती, हातात मोबाईल.

"सिस्टर? तुम्ही इथे?"

"चादर शोधत होते," मी म्हणाले. चारी बाजूंना चादरीच होत्या.

आता ही मला हाताला धरून ओढत नेणार, असं वाटलं. तिने आत येऊन दार लावलं.

"वायच बसू काय?" असं म्हणत ती गठ्ठ्यावर बसलीसुद्धा. "मला नाय ऐकवत आता, सिस्टर. त्या नव्या सिस्टर म्हणाल्या हात धरा. मी म्हटलं, फोन आलाय. मला कोणाचा फोन येतोय? कोणाला सांगू नका हां. आई असून अशी..."

"नाही सांगत."

"तुम्ही पण दमलात ना?"

बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"तिला मी सांगितलंय, सिस्टर येतायत," प्रेमा म्हणाली. "म्हणून गप झोपली टेबलावर."

पलीकडून अक्षता म्हणाली, "झालं हां बाळा, झालं." शीर सापडली नाही की आम्ही सगळ्याजणी असंच म्हणतो. मीच शिकवलंय तिला.

"मग आत तिचा हात कुणी धरलाय?" मी विचारलं.

प्रेमा चादरीचं टोक दुमडत राहिली. उठायला हवं होतं. माझा हात तेव्हाही हलकाच होता, दोन मिनिटांचं काम होतं. मी उठले नाही. तीही नाही.

पलीकडे हाका बंद झाल्या. आधी मला मारलेल्या, मग आईला. रडणं चालू होतं, पण त्यात आता कुणाचं नाव नव्हतं. कुणी येणार नाही, हे तिला कळलं होतं.