रिठ्याचं पाणी

पाण्यावर चालणारा किडा बुडाला, तेव्हा आप्पा झटकन खाली वाकले.

लांब पायांचे हे किडे मत्स्यबीज केंद्राच्या हौदावर रोजचेच. पाण्याला कातडं असावं तसे वरच्यावर घसरत जात. आज मात्र त्याचे पाय आत रुतले, मग पोट, मग सगळाच दिसेनासा झाला. काठाशी पांढरा फेस साचला होता. बोटानं दाबला तरी विरेना. खाली माशांची पिल्लं तोंडं वर काढून तडफडत होती.

पिल्लं धरायची जाळी बाजारच्या साबणानं धुऊन धुऊन आप्पांच्या हातांची सालटं निघाली होती. म्हणून बायको हल्ली रिठे उकळून बादलीभर पाणी सोबत द्यायची. "झाडाचं आहे, बाधायचं नाही," ती म्हणायची. हात खरंच मऊ झाले. पण काल उरलेली बादली मोरीपर्यंत न्यायचा कंटाळा आला. झाडाचंच तर पाणी, म्हणून त्यांनी ती हौदातच रिकामी केली.

त्यांनी घाईनं हवेचा पंप सुरू केला. आवाज ऐकून केंद्राच्या मॅडम धावत आल्या.

"आप्पा, साबण पडलाय का यात?"

"साबण नाही हो. रिठा."

"साबणच तो, झाडाला लागलेला. पाण्याचा वरचा ताण सैल करतो, म्हणून तर मळ निघतो. माशांच्या कल्ल्यांनाही तो सोडत नाही. कल्ले सोलवटले की श्वास कसा घेणार ती?" त्यांनी बाह्या वर सारल्या. "जुनं पाणी उपसा. हे रिठ्याचं कुणी सुचवलं तुम्हाला?"

आप्पांनी पहिली बादली उपसली.

"कुणी नाही. माझंच डोकं."

"फारच चाललं म्हणायचं."

दिवसभर ते पाणी उपसत राहिले, नवं भरत राहिले. दर खेपेला वाटे, आता तरी पिल्लं खाली जातील. काही गेलीही. बरीचशी मात्र उलटी होऊन तरंगू लागली. ती त्यांनी त्याच स्वच्छ जाळीनं गोळा केली.

घरी बायकोनं त्यांचे हात दिव्याखाली ओढले.

"बघा, कसे लोण्यासारखे झालेत. आणि म्हणत होतात, रिठ्यानं काय होणार. उद्या आणखी उकळते."

"उकळ," आप्पा म्हणाले. "पण पाणी इथंच ठेव. जाळी मी घरी आणून धुईन."

"एवढं ओझं कशाला वाहायचं?"

"असू दे," ते म्हणाले, आणि हात तिच्या हातात तसेच राहू दिले.