ह्यांनी भरलेली दाढ

"आई, तोंड मोठं उघड. नाहीतर दाढ काढून टाकीन."

"काढून तर बघ!" मी खुर्चीत ताठ बसले.

ही दाढ ह्यांनी भरलेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, ह्याच दवाखान्यात. आता तो लेक चालवते. तेव्हा ह्यांची मदतनीस मीच, आणि त्या दिवशी खुर्चीतही मीच. मग मदतीला कोण? हे एकटेच तासभर खटपट करत होते. खोलीभर लवंगतेलाचा वास, आणि ह्यांचा डावा तळहात माझ्या गालावर टेकलेला. तसा आधार ते सगळ्याच पेशंटना द्यायचे, मला ठाऊक होतं. तरी वाटलं, हा माझ्यासाठीच. हे गेले, कपडे वाटून झाले, स्कूटर विकली. दाढ तेवढी राहिली होती, तर तिच्यात पू झाला.

महिन्यापूर्वी लेकीने ह्यांचं भरण उकरून काढलं. हळूच म्हणाली, "बाबांकडून मुळातली एक बारीक नळी साफ करायची राहून गेलीय गं. जंतू तिथेच दबा धरून बसले. उपाशीसुद्धा वर्षानुवर्षं तग धरतात."

"त्यांच्या हातून काही राहायचं नाही!" मी उसळले.

घरी आल्यावर मात्र एकटीच हसले. नाकावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस! त्याच्याकडून नळी राहणार नाही तर काय होणार?

नुसत्या कॅल्शियमच्या लेपाला जंतूंनी दाद दिली नाही. मग तिने त्यात क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक कालवून पुन्हा भरलं. आज शेवटचं बघायचं होतं. आत अजून ओल असेल, तर दाढ जाणार.

तिने लेप धुऊन काढला. कागदाची बारीक काडी आत घातली, बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. मी तिच्या तोंडाकडे बघतेय, पण मास्कमुळे कळणार कसं? माझा जीव टांगणीला.

"कोरडी आहे गं, आई! वाचली तुझी दाढ."

मग ती भरायला वाकली. आता त्या दाढेत ह्यांचं काहीच उरणार नव्हतं, ह्या विचाराने मला भडभडून आलं. तेवढ्यात तिचा डावा तळहात माझ्या गालावर टेकला. तिला हे कुणी शिकवलं, देव जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दुखतंय का?" तिने घाबरून विचारलं.

अजिबात दुखत नव्हतं. मी मान हलवून हो म्हटलं.

"बरं, थांबू या जरा," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून थांबली.