ताकदीच्या गोळ्या

"पंचशीला, मशिन हाय ते, उखळ न्हाई!" मी ओरडलो आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

तिच्या टाइपरायटरचे अक्षरांचे दांडे पुन्हा एकमेकांत अडकले होते. एका वेळी एकच कळ दाबायची, तर हिची बोटं शेजारच्या कळीवरही आपटत होती. दिवाळीपर्यंत मराठी टायपिंगला अख्ख्या लातुरात हिच्या तोडीचं कुणी नव्हतं. हे मी सांगतोय, आणि मी कुणाचं सहजासहजी कौतुक करणारा माणूस नाही. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये येऊन विचारा कुणालाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि कलेक्टर कचेरीत टायपिस्टच्या जागा निघाल्या होत्या. परीक्षा पंधरवड्यावर आली होती. पंचशीलाची ही शेवटचीच संधी, कारण पुढच्या जाहिरातीपर्यंत तिचं वय उलटणार होतं. उदगीरकडच्या गावात प्यायला पाणी उरलं नाही म्हणून ती आणि तिची माय नागुबाई लातूरला आल्या होत्या. नागुबाई रोजगार हमीवर खडी फोडायची आणि लेक टायपिंग शिकायची. या एका नोकरीवर दोघींचं सगळं टेकलेलं.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. पोरगी वाळून काटकी झाली होती. थंडीतही तिला घाम फुटलेला, डोळे मोठे दिसायला लागलेले, आणि गळ्यावर एका बाजूला सूज.

"दवाखान्यात गेलीस का गं?"

तिच्या आधी नागुबाईच बोलली. लेकीला न्यायला ती दारात येऊन उभी होती. "कशाला दवाखाना, शेषेराव सर? अंगात ताकद न्हाई पोरीच्या. गळ्याच्या गाठीला आयोडीनचं मीठ खावं, असं दवाखान्याच्या बोर्डावर लिव्हलंय. हिनंच वाचून दाखिवलं की मला. तवापासून पुडीतलंच मीठ आणते. कालवणात घालते, वरून भाकरीवरबी टाकते. आन ह्या बघा, ताकदीच्या गोळ्या. दुकानदार म्हनला, लई भारी हायत, ह्यात समदंच हाय." तिनं पदराची गाठ सोडून बाटली दाखवली. खडी फोडून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, पण चेहरा कसा फुललेला!

दुसऱ्या दिवशी पंचशीलाला मी जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गळा चाचपला, नाडी धरली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं आणि विचारलं, "खाण्यात नवीन काय सुरू केलंय?" तिनं मिठाचं सांगितलं, बाटली काढून दिली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हिची थायरॉईडची गाठ आधीच नको इतकं काम करतेय. तिला वरून आयोडीन म्हणजे आगीत तेल! आयोडीन ह्या गोळीतही आहे आणि मिठातही."

"पण डॉक्टर, दवाखान्याच्या बोर्डावर तर..." पंचशीला पुटपुटली.

"बोर्ड बरोबरच आहे. आयोडीन कमी पडून गाठ येऊ नये म्हणून ते मीठ. तुझ्या गाठीचं उलटं आहे. ह्या गोळ्या आणि ते मीठ आधी बंद कर. व्हिटॅमिन घ्यायचंच झालं तर आयोडीन नसलेलं, तेही मला दाखवून. मी देतो ते औषध रोज घे. दोन-तीन महिन्यांत हात थरथरायचे थांबतील."

दोन-तीन महिने! परीक्षा त्याच आठवड्यात होती. मी डॉक्टरांशी भांडलो, काहीतरी तातडीचं द्या म्हणालो. त्यांनी छातीची धडधड कमी करायची एक गोळी वाढवून दिली आणि मान हलवली.

बाहेर आल्यावर पंचशीला म्हणाली, "सर, मायला ह्यातलं काईच सांगू नका. उन्हात खडी फोडून आणलंय तिनं ते. मरून जाईल ती."

तिनं गुपचूप सगळं केलं. मायनं दिलेली ताकदीची गोळी रोज मोरीत टाकायची, डॉक्टरांची लपून घ्यायची. बाजारातून साधं, बिनआयोडीनचं खडेमीठ आणायची, माय कामावर गेली की पाट्यावर वाटायची आणि पुडीत भरून ठेवायची.

परीक्षेला मशिन ज्याचं त्यानं न्यायचं असतं. माझं सगळ्यात हलक्या कळीचं मशिन मी हातगाडीवर घालून कचेरीत नेलं आणि बाहेर खिडकीशी उभा राहिलो. पहिल्या दोन ओळी ती छान चालली. मग दांडे अडकले. तिनं सोडवले. पुन्हा अडकले. घंटा झाली तेव्हा तिच्या कागदावर अर्धं पानसुद्धा झालं नव्हतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "सर, मशिनला काई झालं न्हाई, बघून घ्या." मला तिचा राग आला, त्या कचेरीचा आला, सगळ्या दुनियेचा आला.

उन्हाळ्यात एका सकाळी दोघी इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. लेकीचे हात थरथरायचे थांबलेत ते सरांना दाखवायचं म्हणून नागुबाईनंच हट्टानं आणलं होतं. पंचशीला मशिनसमोर बसली आणि मी मजकूर वाचत गेलो. मुद्दाम भरभर वाचला. तिची बोटं जराही अडखळली नाहीत. कागद काढून मी चूक शोधायला लागलो. वरून खाली, पुन्हा वरून खाली. एक चूक सापडेल तर शपथ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी चष्मा पुसायचं सोंग केलं.

"बघा सर," नागुबाई म्हणाली, "शेवटी त्या गोळ्यांनीच गुण आला का न्हाई? म्या म्हनत नव्हते? आता पुढची परीक्षा कवा हाय?"

वर्गात दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा मी मशिनवर झाकण घालत बसलो. मागच्याच महिन्यात पंचशीलाचं वय उलटलं होतं.

"निघंल की माय जाहिरात," पंचशीला म्हणाली. "चल, मुकादम ओरडंल."

दाराशी दोन हातोड्या ठेवलेल्या होत्या. एक नागुबाईनं उचलली, एक तिनं, आणि दोघी खडीच्या कामाकडे निघाल्या.