देवघरातला फोन

आमचा आप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ, गावचा सरपंच. शहाऐंशी साली रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी टूम काढली. गावात फोन बसवायचा, दुखलंखुपलं की लावायचा, ते तिथून औषध सांगणार. चांगलंच की! पण आप्पानं फोन ठेवला कुठं? आमच्या देवघरात! नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. झालं! पारोशानं शिवायचं नाय, विटाळशीनं तर फिरकायचंही नाय. म्हणजे बायकांची निम्मी दुखणी उंबऱ्याबाहेरच.

आप्पाची सून तुळसा सात महिन्यांची गरोदर होती, नवरा मुंबईला कामाला. एका दुपारी तिला रक्त जायला लागलं. मी तिला सावरून निजवलं नि हाक मारली.

"आप्पा, फोन लाव!"

आप्पानं आधी हातपाय धुतले. मग फोनात ओरडला, "डॉक्टरसाहेब, सुनेच्या पोटात जरा गडबड आहे." सासऱ्यानं सुनेचं असलं काही बोलायचं कसं? लाज वाटली मेल्याला! डॉक्टर म्हणाले, ओवा द्या.

ओवा! मी तशीच रक्ताच्या हातांनी आत घुसले नि फोन हिसकावला. "ओवा आमच्या सरपंचाला द्या! पोरीला सातवा महिना आहे, रगात थांबत नाय!"

"आजी, तिला निजवून ठेवा. जीप पाठवतो."

जीप घेऊन आला धोंडू, डॉक्टरांचा ड्रायव्हर. आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला, पण आप्पानं त्याला कधी ओटीवर घेतला नाय. त्यानं तुळसाला उचलून जीपमध्ये निजवलं. मीही चढले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त हवं, घरच्यांना बोलवा. माझं जुळेना. डॉक्टरांनी आमच्या घरी फोन लावला, पुन्हा लावला. लागेचना. मी नुसती देवांची नावं घेत बसले. शेवटी धोंडूनंच बाही वर केली. "माझं बघा जुळतंय का." जुळलं. तुळसा वाचली, पोटातलंही वाचलं.

आठवड्यानं तिला घेऊन घरी आले, तेव्हा कळलं फोन का लागत नव्हता ते. माझा हात लागला म्हणून आप्पानं तो शुद्ध करून घेतला होता. बोलायच्या भोकांतून तांब्याभर गोमूत्र ओतून! तोच तांब्या घेऊन हा शहाणा दारात उभा.

"अक्का, तुळसाला आत घेण्याआधी जरा शिंपडतो."

"शिंपड की! अंगात तिच्या धोंडूचं रगात फिरतंय, नि त्याच रगतावर पोटात तुझा नातू वाढतोय. कुठंवर शिंपडतोस तेच बघते."

तांब्या हातात तसाच. मी तुळसाचा हात धरला नि त्याच्यासमोरून तिला आत नेली.