चिखलाला कुळ कळत नाही

त्या शनिवारी खाजणात एवढी गर्दी झाली की रोहित पक्षीसुद्धा कंटाळून पलीकडच्या मिठागरात जाऊन उभे राहिले. खाडीकाठच्या मदरवेल गावातली आमची निम्मी वस्ती बूट हातात घेऊन, एकामागे एक, पूर्वजांशी बोलणं करून देणाऱ्या लुंगिलेबाबांच्या मागून चिखल तुडवत निघाली होती. वर विजेच्या तारा, डावीकडे रेल्वेचा पूल, पुढे बाबांची पांढरी काठी. इथे पाय नको, इथे पूर्वज निजलेत, असं सांगत ते सगळ्यांना उगाच वळणावळणाने फिरवत. आणि मग खाडीच्या काठाशी तो चमत्कार. एकेकाने पुढे होऊन आपलं कुळ पूर्वजांच्या सगळ्या नावांसकट मोठ्याने म्हणायचं. म्हणून झालं की चिखलातल्या भोकांतून बुडबुडे यायचे, शीळ वाजायची. नदीतल्या माणसांनी, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या पूर्वजांनी, उत्तर दिलं म्हणून बायका रडायच्या.

उत्तराला उशीर झाला तर बाबांकडे तोड होतीच. पणजोबा गाळलास, पुन्हा पहिल्यापासून म्हण. एका बिचाऱ्याला त्यांनी घसा बसेपर्यंत म्हणायला लावलं.

माझी नोमाक्वेझी आत्या माझ्यापुढेच चालत होती. तिच्या मुठीत क्षयाच्या गोळ्या होत्या. मधेच सोडल्यास तर आजार उलटेल, असं दवाखान्याने बजावलं होतं. बाबांचं म्हणणं, पूर्वजांचं उत्तर आलं की गोळ्या चिखलात पुरायच्या. मी घरी भांडभांड भांडले. ती एवढंच म्हणाली, "शाळेत कुळ शिकवत नाहीत, म्हणून तू अशी बोलतेस."

पण मी एक पाहिलं होतं. शाळेतून येताना रेल्वेच्या पुलाखाली अगदी तसेच बुडबुडे येत होते. तिथे चिटपाखरूही नव्हतं. फक्त भरती चढत होती. बाबांची फेरी दर शनिवारी वेगळ्याच वेळी का निघते, तेही मला उलगडलं: भरतीची वेळ सरकते तशी.

बाबांनी आत्याला हाक मारली, तशी मीच पुढे घुसले.

"म्हण, पोरी," बाबा म्हणाले. "पण पूर्ण म्हण. अर्ध्या कुळाला पूर्वज कूससुद्धा बदलत नाहीत."

आम्ही म्पिंगा कुळाचे. मी म्हटलं ते ग्चिना कुळ, मैत्रिणीच्या घरी ऐकलेलं, नावामागून नाव, अगदी ठसक्यात. आमच्यात दुसऱ्याचं कुळ आपलं म्हणून सांगणं म्हणजे जिवंत बापाला नाकारणं. आत्याने शाल डोळ्यांवर ओढली. माझे कान तापले, पण मी थांबले नाही. नावं संपली आणि शीळ वाजली.

"तुझा पणजोबाच," बाबा म्हणाले. "आवाज ओळखला मी."

"तो माझा नाही, बाबा. मी म्पिंगा. आत्याला विचारा."

नदीतली माणसं थट्टा करतात, असं काहीतरी बाबा पुटपुटले. मी मागे बोट दाखवलं. जिथे कोणी उभंही नव्हतं, तिथला चिखलही बुडबुडत होता. मग दप्तरातली रिकामी बाटली काढली, बुडाला भोक पाडून आणलेली, आणि तोंड खाली करून पाण्यात दाबली. भोकातून तीच शीळ. मी सांगितलं, भोकं खेकड्यांची, ओहोटीला त्यांत हवा भरते, भरतीचं पाणी शिरलं की ती बाहेर पडते. कुळ म्हणायला वेळ लागतो, तेवढ्यात पाणी येऊन पोचतं.

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. घसा बसलेला माणूस पोटरीवरचा चिखल पुसतच राहिला. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं कुणीतरी वेळ काढायला वापरली, आणि ती आपणच पुरवली, याची लाज होती ती. काठी तिथेच रोवलेली होती. बाबा पुलाकडे निघून गेले होते.

रस्ता लागल्यावर आत्या म्हणाली, "दुसऱ्याचं कुळ घेतलंस. भावाला काय तोंड दाखवू?"

मी मान खाली घातली.

"मी गोळ्या पुरणार होते, ती लाज याहून मोठी," ती म्हणाली. "म्हणून तुला मारत नाही. त्या बाटलीत पाणी घे नळावरचं."

"तिला भोक आहे, आत्या."

तिने हसू दाबलं आणि ओंजळीने पाणी पीत गोळी गिळली.

घरी मी माझं कुळ म्हटलं, पूर्ण, आणि माफी मागितली. बुडबुडा आला नाही. यायला नकोच होता. पूर्वजांचा मान जरूर ठेवा. पण चिखल बोलायला लागला, तर औषध टाकण्याआधी भरती आहे का, तेवढं बघा.